नसणे आणि लोपणे : नांदेड-लातूरच्या यकृतका आणि वर्गीकरणाचा पुरावा

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांची जमीन बहुतांशी दख्खनच्या बेसाल्ट खडकावर तयार झालेली असून, उन्हाळ्यात भेगाळणारी ही काळी माती मृग-आर्द्राच्या पावसानंतर शेताच्या बांधावर, विहिरीच्या काठावर आणि जुन्या भिंतींच्या सावलीत हिरव्या थराने झाकली जाते. हा थर सरसकट ‘शेवाळ’ म्हणून ओळखला जात असला, तरी त्यात शैवलांखेरीज हरिता, म्हणजे मॉस, आणि यकृतका, म्हणजे लिव्हरवर्ट, या स्वतंत्र गटांतील वनस्पतीही असतात. यकृतकांना फूल, बी आणि खरी मुळे नसतात, त्यांचा प्रसार बीजुके या एकपेशीय सूक्ष्म कणांनी होतो, आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक सूचीत त्यांच्या आणि शृंगका (हॉर्नवर्ट) या दुसऱ्या गटाच्या मिळून 7,486 जाती, 398 प्रजाती (जवळच्या जातींचे गट) व 92 कुले नोंदवलेली आहेत. एवढ्या मोठ्या परिवाराची वंशावळ लावताना शरीररचना आणि जनुके या दोन साक्षींचा मेळ कसा घालायचा, हा या शास्त्रातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

रिक्सियाचे शरीर

मराठवाड्यासारख्या कमी पावसाच्या मैदानी प्रदेशाला सर्वाधिक मानवणारी यकृतका म्हणजे रिक्सिया ही प्रजाती होय. खोड-पाने असा भेद नसलेले तिचे चपटे शरीर, म्हणजे कायक, टोकाशी वारंवार दुभंगत जाते, त्यामुळे ओल्या मातीवर बहुधा एक-दोन सेंटिमीटर व्यासाची हिरवी चकती तयार होते. भिंगाखाली पाहिल्यास प्रत्येक फाट्याच्या मध्यातून गेलेली खाच दिसते, तर खालच्या बाजूला मातीला धरून ठेवणारे केसांसारखे मूलकल्प आणि पातळ खवले आढळतात. पाऊस उघडला की अनेक जातींमध्ये कायकाच्या कडा आत वळतात आणि गडद रंगाचे खवले वर येऊन कोवळ्या भागाला उन्हापासून झाकतात.

रिक्सियाची बीजुके कायकाच्या आतच, एका साध्या गोल पिशवीत तयार होतात. मार्केन्शियासारख्या तिच्या नातलगांमध्ये हीच रचना पाद, दंड आणि संपुट अशा तीन भागांची असते व बीजुके विखुरण्यासाठी वेटोळेदार तंतूही असतात. रिक्सियात मात्र पाद, दंड आणि तंतू यांपैकी काहीच नसते, आणि कायक कुजल्यावरच बीजुके मातीत मोकळी होतात. बीजुकांच्या पृष्ठभागावरील जाळीदार नक्षी जातीनुसार बदलत असल्यामुळे जाती ओळखण्याचा तो एक मुख्य आधार ठरतो.

साधे म्हणजे आद्य काय?

या साधेपणाचा अर्थ लावण्यावरून विसाव्या शतकाच्या आरंभी दोन मते पुढे आली. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. ओ. बॉवर यांनी 1908 मधील ग्रंथात असा विचार मांडला की, आरंभी बीजुके घडवणाऱ्या रचनेतील सर्व पेशी बीजुके निर्माण करीत असत आणि पुढे त्यांतील काही पेशी वंध्य होऊन पाद, दंड असे भाग घडत गेले. या क्रमात रिक्सियाचे स्थान साहजिकच पहिल्या पायरीवर येत होते. याउलट, लाहोर येथे अध्यापन करणारे आणि भारतीय शेवाळीविज्ञानाचे, म्हणजे हरिता-यकृतकांच्या शास्त्राचे, जनक मानले जाणारे शिवराम कश्यप यांनी हिमालयातील यकृतकांच्या आधारे 1919 मध्ये असे प्रतिपादन केले की, या गटातील साधी रूपे ही गुंतागुंतीच्या पूर्वजांचा क्रमाने ऱ्हास होऊन निर्माण झालेली आहेत. पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या मैदानातील यकृतकांवरील त्यांचा ग्रंथ 1929 आणि 1932 मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ टी. एस. महाबळे यांनी यकृतकांच्या गुणसूत्रांचा अभ्यास करून या चर्चेला पेशीविज्ञानाची जोड दिली.

निर्णायक पुरावा डीएनएच्या क्रमवाचनातून मिळाला. प्रकाशसंश्लेषणातील एका प्रमुख विकराचा मोठा घटक घडवणारे ‘आरबीसीएल’ हे हरितलवकातील जनुक, तसेच इतर जनुके, यांच्या तुलनेत रिक्सिया वंशवृक्षाच्या बुंध्याशी आढळली नाही, तर मार्केन्शियाच्या गणातील उशिरा फुटलेल्या एका फांदीवर आढळली. तिच्या पूर्वजांमध्ये दंड आणि तंतू होते व ते पुढे लोप पावले, हे कश्यप यांचे अनुमान रिक्सियापुरते अशा प्रकारे खरे ठरले. ब्लासिया या प्रजातीचे उदाहरणही तितकेच बोलके आहे: हवेच्या कोठड्या नसलेल्या साध्या कायकामुळे ती दीर्घकाळ निराळ्या गणात ठेवली गेली होती, परंतु जनुकांनी तिला मार्केन्शियाच्या वर्गात आणले, आणि मग तिच्या खालच्या बाजूच्या खवल्यांच्या दोन ओळींना नवा अर्थ प्राप्त झाला.

जनुकांची साक्षही मात्र अंतिम नसते. 1998 मध्ये सूत्रकणिकांतील तीन इंट्रॉन, म्हणजे जनुकामधील प्रथिन न घडवणारे तुकडे, यकृतकांमध्ये नसल्याचे दाखवून त्या जमिनीवरील सर्वांत आद्य वनस्पती असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला होता; 2018 मधील व्यापक विश्लेषणाने मात्र यकृतका आणि हरिता यांना एकाच शाखेत बसवले, आणि त्यामुळे इंट्रॉनांचा अभाव हा मूळचा नसून नंतरचा लोप असावा, असे मानणे भाग पडले. रिक्सिया आणि इंट्रॉन या दोन्ही प्रसंगांत चूक एकाच प्रकारची होती: एखादे लक्षण नाही, म्हणून ते कधीच नव्हते, असे गृहीत धरले गेले होते.

मराठवाड्यातील काम

व्ही. एन. नाईक यांच्या ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ या 1998 च्या ग्रंथाने येथील सपुष्प वनस्पतींना भक्कम आधार दिला. यकृतकांसाठी तशाच तोलाचे काम उभे राहणे अगत्याचे आहे. किनवट-माहूरच्या जंगलातील ओढे, कंधार, औसा व उदगीर येथील किल्ल्यांच्या सावलीतील भिंती आणि खरोसा लेण्यांचा जांभा दगड या जागा पावसाळ्यात बारकाईने पाहण्याजोग्या आहेत. प्रत्येक नमुन्याचा एक भाग डीएनएसाठी सिलिका जेलमध्ये झटपट वाळवावा, दुसरा बीजुकांसह कागदी पाकिटात नोंदीनिशी जपावा, आणि अनेक यकृतकांच्या पेशींतील तैलपिंड वाळल्यावर नष्ट होत असल्याने त्यांचे निरीक्षण ताज्या नमुन्यातच उरकावे. जपलेल्या नमुन्याशिवाय केलेले क्रमवाचन पुन्हा पडताळता येत नाही, त्यामुळे चुकीचे नाव चिकटले तर ते तसेच पुढे जात राहते.

1994 मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातील महाविद्यालयांना हे काम आवाक्यातले आहे, कारण त्याची सुरुवात भिंग, सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी यांवर होऊ शकते. ज्या प्रदेशाच्या लातूर शहराला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच प्रदेशाच्या मातीत कोरड्या महिन्यांत तग धरून पावसाबरोबर पुन्हा वाढणाऱ्या वनस्पतींचा अभ्यास होणे, ही विज्ञानाइतकीच या भूमीचीही गरज आहे.