होडी आली हे आधी कुणाला कळतं?

होडीत बसून पाण्याकाठचे प्राणी बघायचे म्हटलं की डोळ्यांसमोर आफ्रिका येते. माजलगाव तालुक्यातलं दिंद्रुड तर पर्यटनाच्या कुठल्याच नकाशावर नाही. पण सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाचं पाणी इथून फार लांब नाही. त्या पाण्यावर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबलेला काळा-पांढरा कवड्या खंड्या दिसतो. चोच खाली, नजर पाण्यात आणि मग एकदम सरळ सूर. केनियातल्या नैवाशा सरोवरात किंवा युगांडातल्या काझिंगा कालव्यात होडीतून फिरणाऱ्यांना दिसतो तो हाच, याच प्रजातीचा पक्षी. आपल्या धरणांतली चिलापी मासळीही मूळची आफ्रिकेची आहे. मोझांबिक चिलापी 1952 मध्ये भारतात आणली गेली आणि मग तळ्या-धरणांतून पसरली.

या खंड्याचा सर्वात सुंदर अभ्यास आफ्रिकेतच झाला. हाइन्झ-उलरिख रायर या शास्त्रज्ञाने नैवाशा आणि व्हिक्टोरिया या दोन सरोवरांवर त्याची घरटी पाहिली. हे पक्षी काठाच्या उभ्या मातीत लांब बोगदा खणून अंडी घालतात. दोन्ही ठिकाणी आधीच्या विणीतले तरुण नर आईबापांना पिल्लं भरवायला मदत करत होते. व्हिक्टोरियावर मात्र नात्यात नसलेले नरही मदतीला येत आणि जोडपं त्यांना ठेवूनही घेई. नैवाशावर अशा परक्यांना सहसा हाकलून लावलं जाई. व्हिक्टोरियावर मासा मिळवणं कठीण होतं. पाणी खळबळणारं, मासे लहान आणि फेऱ्या लांबच्या, त्यामुळे दोघांच्या कमाईत पिल्लांचं पोट भरत नसे. नैवाशाचं पाणी त्या मानाने शांत होतं आणि घरचं मनुष्यबळ पुरत होतं.

पाण्याच्या पृष्ठभागावर लाटा किती उठतात यावर एका पक्ष्याचं कुटुंब कसं चालेल हे ठरावं, हे मला फार मोलाचं वाटतं. खंड्याला वरून मासा नीट दिसतो तो पाणी स्थिर असलं तरच. पृष्ठभाग थरथरला की प्रकाश वेडावाकडा वळतो आणि नेम चुकतो. वारा लाटा उठवतो, तशाच मोटारीची होडीही उठवते. म्हणून होडीतून प्राणी बघायला निघालेल्या माणसाने आधी विचारावं की ही होडी आल्याचं पाण्यात आणि काठावर कुणाकुणाला, कसं कळतं?

मगरीपासून सुरुवात करू. मगरवंशातल्या प्राण्यांच्या जबड्याभोवती बारीक काळे ठिपके असतात. डॅफ्नी सोआरेस यांनी 2002 मध्ये दाखवलं की हे ठिपके म्हणजे दाब ओळखणारे संवेदक आहेत. गडद अंधारात, अर्धवट पाण्यात असलेल्या ॲलिगेटरजवळ पाण्याचा एक थेंब पडला, तरी तो त्या दिशेला वळत होता. ठिपके झाकले की वळत नव्हता. ॲलिगेटरला हे ठिपके तोंडाभोवतीच असतात. नाईलच्या मगरीला आणि आपल्या मगरीला ते जवळजवळ अंगभर असतात. थेंबाची खबर लागणाऱ्या प्राण्याला इंजिनाच्या होडीची लाट केवढी मोठी बातमी असेल!

चिपळूणला वाशिष्ठीच्या खाडीत होडीतून मगरी दाखवतात. हिवाळ्यात त्या चिखलाच्या काठावर ऊन खात पडलेल्या असतात. त्यात आळस नसतो. मगरीचं शरीर आतून ऊब तयार करत नाही, आणि खाल्लेलं पचवायला तिला ऊब लागते. लाट येऊन काठावर आपटली आणि ती पाण्यात घसरली की तेवढं ऊन वाया गेलं. दिवसातून एकदा झालं तर ठीक, पण दर फेरीला झालं तर तिचा दिवसच मोडतो. चांगला नावाडी इंजिन बरंच आधी मंद करतो, आणि मगरीवर सरळ चाल करून न जाता तिला बाजूला ठेवून काठाने तिरका जातो. सरळ अंगावर येणारी वस्तू म्हणजे शिकारी, हे बहुतेक प्राण्यांच्या अंगात मुरलेलं असतं.

आफ्रिकेतल्या नद्यांवर हेच ज्ञान नसणं जिवावर बेततं, कारण तिथे पाणघोडा आहे. दीड-दोन टनांचा हा प्राणी खरं तर पोहत नाही, तळावर पाय टेकत चालतो. दिवसभर पाण्यात राहतो आणि रात्री काठावर गवत चरतो. पाण्यात तोंड वर काढून तो थांबतो तेव्हा डोळे, कान आणि नाकपुड्या हवेत असतात आणि जबडा पाण्यात. त्याचा आवाज हवेत आणि पाण्यात एकाच वेळी जातो. मोझांबिकमधल्या मापुतो अभयारण्यात संशोधकांनी पाणघोड्यांना त्यांच्याच कळपाचे, शेजारच्या कळपाचे आणि दूरच्या अनोळखी कळपाचे आवाज ऐकवले. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अनोळखी आवाजाला सर्वात तीव्र उत्तर मिळालं. जवळ येणं, ओरडणं आणि शेपटीने शेण उडवून आपली हद्द सांगणं, असं ते उत्तर होतं. म्हणजे पाणघोडा आवाजावरून शेजारी आणि परका वेगळा करतो.

बोत्स्वानातल्या ओकावांगोच्या पाणथळीत मोकोरो नावाची अरुंद होडी चालते. पूर्वी ती एका झाडाचं खोड कोरून करत. आता झाडं वाचावीत म्हणून बहुतेक फायबरच्या आहेत. नावाडी मागे उभा राहून लांब काठीने तळ रेटत ती हाकतो. इंजिन नाही, लाट नाही, आणि वाट उथळ पाण्यातली. पाणघोडे खोल पाणी धरून असतात, म्हणून मोकोरो काठाने जाते. पाणघोडा काठावर असेल तर त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये कधीच यायचं नाही. पाण्याकडची वाट अडली की तो वाटेत असेल त्याच्यावर धावून जातो.

मराठवाड्यातल्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. पैठणच्या नाथसागरावर आणि इतर धरणांवर मासेमार थर्माकोलचा चप्पू घेऊन जाळी टाकायला जातात. बसायला तो धोक्याचा आहे आणि पर्यटकाला त्यावर कुणीही बसवू नये. पण उथळ पाण्यात, आवाज न करता आणि पक्ष्यांच्या कडेने जाण्याचं जे कसब चप्पूवाल्याकडे आहे, ते शिकवून येत नाही.

नाथसागराला 1986 मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे 340 चौरस किलोमीटरचा हा पसारा बऱ्याच ठिकाणी उथळ आहे. इथल्या उजव्या कालव्याने पाणी माजलगावच्या धरणापर्यंत येतं. हिवाळ्यात उत्तरेकडून बदकं येतात आणि उथळ चिखलात रोहित (फ्लेमिंगो) पक्षीही उतरतात. महाराष्ट्रात रोहित होडीतून बघायच्या दोन प्रसिद्ध जागा आहेत. एक भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यातलं भिगवण, दुसरी ठाण्याची खाडी. खाडीला 2015 मध्ये अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. भिगवणला मोठा रोहित दिसतो, तर ठाण्याच्या खाडीत छोट्या रोहितांची गर्दी असते. या छोट्या रोहितांचं जगातलं सर्वात मोठं माहेर म्हणजे टांझानियातलं खारं नेट्रॉन सरोवर. आपल्याकडे येणारे मात्र गुजरातच्या बाजूचे. ठाण्यात उपग्रह-खुणा लावलेल्या पक्ष्यांनी गुजरातची वाट धरलेली दिसली आहे.

छोट्या रोहिताचं जेवण म्हणजे डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. मान खाली, चोच उलटी करून पाण्यात, आणि जीभ सेकंदाला सुमारे वीस वेळा पाणी आत-बाहेर ओढते. चोचीच्या कडांवरच्या बारीक झालरी अन्न अडवून धरतात. एवढ्या सूक्ष्म घासांवर पोट भरायचं तर तासन्‌तास मान खालीच हवी. उडायचं झालं तर पाण्यावर बरीच पावलं धावत वेग घ्यावा लागतो, आणि ते श्रमाचं काम आहे. तरीही कितीतरी पर्यटक नावाड्याला म्हणतात, "जरा उडवा की, फोटो चांगला येईल." त्या एका फोटोची किंमत शेकडो पक्षी अन्न सोडून मोजतात. जो नावाडी नाही म्हणतो त्याला जास्त पैसे द्यावेत, असं मला मनापासून वाटतं.

आफ्रिका आणि आपण यांना जोडणारा आणखी एक प्राणी समुद्रात आहे. दापोली, गुहागर, तारकर्लीला होडीतून दाखवतात तो कुबडा डॉल्फिन दक्षिण आफ्रिकेच्या फॉल्स उपसागरापासून पूर्व आफ्रिका, अरबस्तान करत आपल्या किनाऱ्यापर्यंत पसरलेला आहे. तो काठालगतच्या उथळ पाण्यात राहतो, म्हणूनच आपल्याला सहज दिसतो, आणि म्हणूनच जाळी, बंदरं आणि होड्या यांच्या तावडीतही सापडतो. जागतिक यादीत तो संकटग्रस्त आहे. गढूळ पाण्यात तो आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीने मासा शोधतो. आवाज हवेत सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, पाण्यात जवळजवळ 1500 मीटर. होडी नजरेत येण्याच्या कितीतरी आधी तिचं इंजिन डॉल्फिनच्या कानात असतं, आणि चार-पाच होड्यांनी घेरलं की त्याला स्वतःचा प्रतिध्वनी त्या गोंगाटातून वेचावा लागतो. दक्षिण आफ्रिकेत परवाना नसलेल्या होडीला देवमाशाच्या 300 मीटरच्या आत जाता येत नाही. कोकणातही पाठलाग न करता, इंजिन मंद ठेवून थांबलं, तर डॉल्फिन अनेकदा आपणहून जवळून जातात.

माजलगाव किंवा नाथसागरावर पर्यटकांच्या फेऱ्या वाढायच्या असतील, तर त्या आखताना इथली एक खास अडचण आहे. नदीचा काठ जागेवर असतो, धरणाचा नसतो. दिवाळीनंतर पाणी मागे सरकू लागतं, चिखल उघडा पडतो, त्यावर शेकाट्या आणि शराटी उतरतात, आणि मागोमाग गाळपेरीसाठी शेतकरीही येतात. जानेवारीत जिथे होडी सुखाने गेली, तिथे मार्चमध्ये ढोपरभर पाण्यात पक्षी चरत असतात. 2016 च्या दुष्काळात तर नाथसागरच मृतसाठ्यावर आला होता. त्यामुळे कागदावर एकदाच आखलेला मार्ग इथे उपयोगाचा नाही. तो दर पंधरवड्याला बदलावा लागेल. कुठे गाळ वर आला, कुठे पक्षी बसताहेत आणि कुठल्या उभ्या काठात खंड्याची बिळं आहेत हे काल रात्री तिथे जाळं टाकून आलेल्या भोई माणसाला माहीत असतं. वनखात्याच्या बैठकीला त्याला बोलवावं, आणि त्या दिवसाच्या बुडालेल्या मासेमारीचे पैसेही द्यावेत.