भिंतीचा आणि खिडकीचा जमाखर्च
नवे घर आणि ऊर्जेची संहिता : लेखांक चौथा

मागील लेखांकात आपण २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यापासून निघून, त्या कायद्यान्वये पुढील वर्षी अस्तित्वात आलेल्या ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या कार्याचा परामर्श घेत, २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत कशा आल्या, येथवर येऊन थांबलो होतो. आज ज्या संहितेच्या कसोटीवर नवे घर घासून पाहावयाचे, त्या इको-निवास संहितेचा तपशील पाहावयाचा आहे. १४ डिसेंबर २०१८ रोजी, म्हणजे राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी, तिचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. पुढे २०२१ मध्ये आणि २०२४ मध्ये तिच्यात भर व फेरफार झाले. तथापि ज्या कल्पनेवर हा सारा व्याप उभा आहे ती पहिल्या भागातच पुरतेपणी मांडलेली असल्यामुळे, या लेखांकातील मर्यादांचे आकडे त्याच भागातून घेतले आहेत.

प्रथम ही संहिता कोणास लागू, याचा खुलासा केला पाहिजे. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारत तिच्या कक्षेत येते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, तेव्हा आपल्या परिचित मोजणीत ही मर्यादा जवळजवळ नेमकी पाच गुंठ्यांची ठरते. शिवाय संहिता केंद्राने सिद्ध केली तरी इमारतींस मंजुरी देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांचा असल्याने, राज्यशासन ती आपल्या विकास नियंत्रण नियमावलीत दाखल करून घेईल तेथे व त्या स्वरूपात तिची अंमलबजावणी होते. म्हणून घर बांधू इच्छिणाऱ्याने नगररचना खात्यात याची रुजुवात आरंभीच करून घ्यावी. दोन गुंठ्यांत टुमदार बंगली बांधणारा गृहस्थ या सक्तीतून सुटतो खरा, परंतु उष्णता काही सातबाराचा उतारा पाहून आत येत नाही, आणि त्याच्याही उपयोगाचे असे या संहितेत पुष्कळ आहे.

ऊर्जेची बचत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तारांकित वातानुकूलन यंत्र, एलईडीचे दिवे आणि गच्चीवरील सौर पत्रे उभे राहतात. पण पहिल्या भागात यांपैकी कशाचाही उल्लेख नसून, त्याचा सारा कटाक्ष भिंत, खिडकी आणि छप्पर या तिहींच्या कवचावर आहे. यंत्र दहा वर्षांनी बदलता येते, दिवा एका संध्याकाळी बदलता येतो. पश्चिमेची भिंत मात्र एकदा उभी राहिली की घरात राहणाऱ्याच्या दोन पिढ्या तिच्याशी जुळवून घेत राहतात, हे त्यामागचे सरळ कारण होय.

हवामानाच्या दृष्टीने देशाचे पाच विभाग मानले आहेत: उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि शीत. मुंबई, रत्नागिरी व पणजी उष्ण-दमट विभागात, सोलापूर उष्ण-कोरड्या विभागात, तर नागपूर संमिश्र विभागात पडते. यांपैकी शीत विभाग वगळता इतर चारही विभागांत कवचाची मुख्य मर्यादा एकच आहे: छप्पर सोडून बाकीच्या बाह्य कवचातून, उन्हाळी काळात सरासरीने आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा अधिक असता कामा नये. या मापास इंग्रजी आद्याक्षरांवरून आरईटीव्ही म्हणतात.

या मर्यादेची मार्मिकता अशी की, ती भिंतीला वेगळा आणि खिडकीला वेगळा हुकूम देत नाही. १५ वॅटची एक रक्कम आपल्या खाती मांडून दिलेली आहे. ती भिंतीवर खर्च करावी की काचेवर, याची मुभा घरमालकाला आहे, मात्र जमाखर्चाची बेरीज त्या रकमेच्या आत बसली पाहिजे. खर्चाच्या बाबी तीन: भिंतीतून झिरपणारी उष्णता, काचेतून झिरपणारी उष्णता, आणि काचेतून थेट आत येणारे ऊन. उष्ण-दमट विभागासाठी संहितेने या तीन बाबींना अनुक्रमे ५.१५, १.३१ आणि ६५.२१ असे गुणक लावले आहेत, आणि केवळ हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहिले तरी आपल्या प्रदेशात घराचा खरा शत्रू कोण, हे ध्यानात येते.

रत्नागिरीतील एक साधे घर घेऊ. बाहेरील भिंतींच्या क्षेत्रफळापैकी १५ टक्के खिडक्या, उरलेली ८५ टक्के नऊ इंची विटांची, दोन्ही अंगांनी गिलावा केलेली भिंत, आणि सोयीसाठी दिशांचा भेद तूर्त बाजूला ठेवू. अशा भिंतीचे उष्णतावहनाचे माप, ज्यास यू-मूल्य म्हणतात, ते सुमारे २.१ असते, त्यास ०.८५ ने व ५.१५ ने गुणले की ९.२ वॅट होतात. साध्या काचेतून झिरपणारी उष्णता १.१ वॅट, आणि तिच्यातून थेट येणारे ऊन, साधी काच सुमारे ८२ टक्के सौर उष्णता आत सोडते हे धरून, ८ वॅट. बेरीज १८.३, घर नापास. आता भिंत विटांची न करता आठ इंची एएसी ब्लॉकची, म्हणजे आपल्याकडे ज्यांना सर्रास सिपोरेक्स म्हणतात त्या हलक्या ठोकळ्यांची केली, तर यू-मूल्य सुमारे ०.८ वर येऊन भिंतीचा खर्च साडेतीन वॅटवर उतरतो आणि बेरीज १२.६ होते. किंवा भिंत विटांचीच राहू द्यावी आणि पुरेशा खोल छज्ज्यांनी व बाजूच्या पडद्यांनी काचेवरचे ऊन निम्म्याने अडवावे, बेरीज १४.३ होऊन घर तेवढ्यानेही उत्तीर्ण होते. याउलट, शहरांतील उंच इमारतींत हल्ली ज्या सहा इंची काँक्रीटच्या भिंती साच्यात ओततात, ज्यांस बांधकामाच्या बोलीत ‘मिव्हान’ म्हणतात, त्यांचे यू-मूल्य साडेतीनच्याही वर असते. म्हणजे खिडकीचा हिशेब मांडण्यापूर्वीच १६ वॅट खर्ची पडून खाते तुटीत गेलेले असते.

प्रत्यक्ष हिशेबात दिशेचाही गुणक येतो. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील प्रदेशासाठी, ज्यात सारा महाराष्ट्र आणि गोवा येतो, पूर्व-पश्चिमेस तो सुमारे १.१५, तर उत्तरेस ०.६६ आहे, अर्थात तीच खिडकी उत्तरेऐवजी पश्चिमेला ठेवली की खर्च पावणेदोन पट धरावा. पश्चिमेला जिना, न्हाणीघर आणि कोठीची खोली टाकण्याची जुन्या जाणत्या मिस्त्र्यांची रीत ही या गुणकाचीच अनुभवसिद्ध आवृत्ती होय.

छपराला या जमाखर्चात जागा नाही. त्याला स्वतंत्र मर्यादा आहे आणि तीत तडजोड नाही. छपराचे यू-मूल्य १.२ च्या वर जाता कामा नये, असे संहिता सांगते. सहा इंची उघड्या स्लॅबचे हे माप साडेतीनच्या आसपास असते, आणि आपल्याकडे पाणी गळू नये म्हणून विटांच्या तुकड्यांचा जो कोबा घालतात त्याने ते सव्वादोन-अडीचपर्यंत उतरते, पण तेथेच अडते. म्हणजे कोबा केला की गच्ची थंड झाली, ही समजूत अर्धीच खरी. स्लॅब आणि कोबा यांच्यामध्ये एक इंच जाडीचे एक्सपीएससारखे दाट फेसाचे तक्ते बसविले, की माप एकच्या खाली येते. वर पांढरा चायना मोझॅक केला तर उन्हाचा पुष्कळसा भाग परतही फिरतो. हे काम कोब्याच्या आधी व्हावयास हवे, कारण नंतर त्यासाठी संपूर्ण कोबा फोडावा लागतो.

तिसरी अट वाऱ्याची. खिडक्यांचे प्रत्यक्ष उघडणारे क्षेत्र घराच्या चटई क्षेत्राशी ठराविक प्रमाणात असावे लागते: उष्ण-दमट विभागात एक षष्ठांश, संमिश्र विभागात एक अष्टमांश, उष्ण-कोरड्या विभागात एक दशांश. या उतरत्या प्रमाणाचे मर्म हवेतच आहे. रत्नागिरीत अंगावरचा घाम वाळावयास वाराच लागतो, तर सोलापुरात वैशाखातल्या दुपारी खिडकी बंद ठेवणेच शहाणपणाचे ठरते. हे प्रमाण संपूर्ण घराचे पाहतात, तरी समजुतीसाठी दहा बाय बारा फुटांची एक खोली घेऊ. १२० चौरस फुटांस उष्ण-दमट विभागात २० चौरस फूट उघडे क्षेत्र हवे. चार बाय पाचची खिडकी ठेवली म्हणजे हिशेब जमला असे नकाशावर वाटते. परंतु ती दोन पल्ल्यांची सरकती असेल तर एका वेळी एकच पल्ला मोकळा होत असल्याने संहिता तिचे निम्मेच क्षेत्र धरते, आणि खोली दहा चौरस फुटांनी उणी पडते. तीच खिडकी बिजागरीची, बाहेर उघडणारी केली तर ९० टक्के क्षेत्र पदरात पडते. सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांचा हल्ली सर्वत्र जो प्रघात पडला आहे, त्याची ही किंमत फारच थोड्या घरमालकांना कोणी सांगितलेली असते.

या तिन्ही अटींकडे एकत्रित पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट दिसते. संहितेची पूर्तता करावयास महागडे साहित्य लागतेच असे नाही, पण निर्णय वेळेवर घ्यावे लागतात. आणि ती वेळ जोते बांधून झाल्यानंतरची नव्हे, तर वास्तुशास्त्रज्ञाच्या मेजावर नकाशा कच्चा असतानाची आहे. छज्जा लिंटेलबरोबरच ओतला जातो, ब्लॉकच्या भिंतीचे वजन कमी म्हणून तुळया व स्तंभ यांचा हिशेब बदलतो, पश्चिमेची खिडकी उत्तरेला न्यावयाची तर आतली खोलीच फिरवावी लागते. म्हणून नकाशा मंजुरीस दाखल करण्यापूर्वी वास्तुशास्त्रज्ञाकडून आरईटीव्हीचा हिशेब लेखी मागावा. ठेकेदाराशी होणाऱ्या करारनाम्यात ब्लॉकची जाडी, छपरावरील तक्त्यांचा प्रकार व जाडी आणि खिडक्यांची उघडण्याची तऱ्हा ही कलमे स्वतंत्रपणे नमूद करावीत. आणि कोबा पडण्याच्या आदल्या दिवशी स्वतः गच्चीवर जाऊन तक्ते अंथरलेले पाहावेत व त्यांची जाडी पट्टीने मोजावी, कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते होते की नव्हते, हे दफ्तरातला कागद सांगेल, गच्ची सांगणार नाही.

पुढील लेखांकात संहितेच्या २०२१ च्या भागाकडे वळून उद्वाहन, पाण्याचे पंप, सामाईक जागांतील दिवे आणि सूर्यशक्ती यांविषयीच्या तरतुदी पाहू.

(क्रमशः)