कुटज : कडू की गोड?

प्रवाहिकेच्या रुग्णास कुटज देऊनही उपशय मिळत नाही, अशी तक्रार व्यवसायबंधूंकडून वारंवार कानी येते. निदान व मात्रा योग्य असतील, तर संशय औषधाच्या पोत्यावर घेणे आम्हांस उचित वाटते.

कुटज म्हणजे आपला पांढरा कुडा, होलॅऱ्हेना प्युबेसेन्स. रस तिक्त-कषाय, विपाक कटू, वीर्य शीत, गुण लघु व रूक्ष. कफ-पित्त व रक्त यांचे संग्रहण आणि उपशोषण करणाऱ्या द्रव्यांत चरकांनी कुटजत्वचेस अग्र्य स्थान दिले आहे. अतिसार, प्रवाहिका, रक्तार्श ही तिची प्रमुख कार्यक्षेत्रे. सालीतील कोनेसीन हे प्रमुख अल्कलॉइड अमीबानाशक असल्याचे दिसून आल्यावर 1920च्या दशकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये ‘कुर्ची’ या नावाने त्यावर बरेच काम झाले. निव्वळ कोनेसीन मोठ्या मात्रेत दिल्यास निद्रानाश, कंप अशी लक्षणे उद्भवतात. संपूर्ण सालीचा क्वाथ आणि पृथक्कृत घटक यांना एकाच मापाने मोजू नये.

सह्याद्रीच्या पानझडी रानांत याच्या शेजारीच काळा कुडा, राइटिया टिंक्टोरिया, वाढतो. त्याच्या सालीत कोनेसीन नाही. ही साल ‘कुडासाल’ म्हणूनच बाजारात येते. हटकल्यास, ‘चरकांनीही पुं आणि स्त्री असे दोन कुटज सांगितले आहेत’, असे उत्तर मिळते! उल्लेख खरा आहे. परंतु तो कल्पस्थानातील वत्सककल्पाचा, म्हणजे वमनप्रयोगाचा आहे. त्याच्या आधारे कुटजारिष्टात काळा कुडा घालणे हा शास्त्राचा दुरुपयोग होय. काळा कुडा निरुपयोगी मुळीच नाही. त्याच्या पानांचे खोबरेल तेलात सिद्ध केलेले तेल सिद्ध वैद्यकात सोरायसिसवर वापरले जाते. पण ते काम निराळे.

झाड उभे असता ओळख सोपी आहे. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा परस्परांपासून सुट्या लोंबतात. काळ्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी जुळून चिमट्यासारख्या दिसतात. काळ्याची पाने वाळताना निळसर-काळी पडतात, कारण त्यांत नीळ असते. पोत्यात मात्र पाने-शेंगा येत नाहीत. तेथे जिभेचाच आधार. अस्सल साल तीव्र कडू व किंचित झोंबरी असते, मोडताच कडकन तुटते. काळ्याची साल जवळजवळ बेचव. बियांचेही तसेच : कडू इंद्रजव पांढऱ्याचे, गोडे इंद्रजव काळ्याचे. चूर्ण विकत घेणाऱ्यास हा निकष पुरत नाही, कारण मिश्रणातही कडूपणा उरतोच. म्हणून फार्मसीचालकांनी शक्यतो अखंड सालच घ्यावी आणि प्रत्येक घाण्याची कोनेसीनच्या प्रमाणनमुन्यासह टी.एल.सी. चाचणी करून घ्यावी. खर्च वाढतो, हे मान्य. परंतु कुटजारिष्ट फसले की रुग्ण पुरवठादारास नव्हे, वैद्यास दोष देतो.

आणखी एक गोष्ट चिकित्सकांसाठी. आमावस्थेतील अतिसारात पहिल्याच दिवशी कुटजघनवटी लिहिण्याची सवय बळावली आहे. ग्राही द्रव्याने आम कोंडला की उदरशूल व आध्मान वाढते आणि दोष पुन्हा औषधावरच येतो. प्रथम लंघन व शुंठी-मुस्तादी पाचन द्यावे. मल पक्व झाल्याची लक्षणे दिसल्यावर कुटज योजावा.

साल काढण्याविषयी. खोडाभोवती पूर्ण वेढा सोलल्यास झाड वाळते. पांढऱ्या कुड्यास तोडीनंतर धुमारे चांगले फुटतात. त्यामुळे फांद्या छाटून त्यांची साल काढण्याची अट खरेदीच्या वेळीच संकलकांना घालता येते.