फ्लॅट भाड्याने देताय? आधी कागद बघा!

पुण्या-मुंबईत दुसरा फ्लॅट घेणारे भाड्याचा हिशेब चोख करतात, कागदांचा मात्र नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य! वर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘नोटरी केलंय की’ म्हणणाऱ्या एजंटाला सरळ नमस्कार करा.

मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, दुप्पट शुल्कही मागता येतं. आणि हो, सोसायटीचं बिगर-भोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. बिल काढून बघाच.