बाकी आठ तास

७ सप्टेंबर २०२५ची रात्र. आदल्या दिवशी गणपती गेलेले, घरं रिकामी रिकामी वाटत होती. रात्री अकराच्या सुमारास भाद्रपद पौर्णिमेचा चंद्र पृथ्वीच्या सावलीत पुरता बुडाला आणि पुढची ८२ मिनिटं, जिथं ढगांनी वाट दिली तिथं, न घासलेल्या तांब्याच्या तपेलीसारखा लालसर काळा दिसत राहिला. ११ वाजून ४२ मिनिटांनी ग्रहणाचा मध्य झाला.

आज साठीच्या पुढे असलेल्यांपैकी काहींनी हेच ग्रहण आधीही पाहिलं असेल. ६ ऑगस्ट १९७१, नारळी पौर्णिमा. मध्यरात्र उलटून सव्वा तास झाला होता तेव्हा त्या ग्रहणाचा मध्य होता. तेव्हाही चंद्र पूर्ण झाकला गेला होता, सुमारे १०० मिनिटं. ‘हेच ग्रहण’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. ही दोन ग्रहणं एकाच घराण्यातली आहेत. खगोलशास्त्राच्या वंशावळीत त्या घराण्याचा क्रमांक १२८. मधल्या दोन पिढ्या १७ ऑगस्ट १९८९ आणि २८ ऑगस्ट २००७ या दिवशी होऊन गेल्या. पण एकीचा मध्य आपल्या घड्याळात सकाळी साडेआठनंतर, दुसरीचा दुपारी चारच्या सुमारास. दोन्ही वेळा महाराष्ट्रात चंद्र क्षितिजाखाली होता, म्हणून त्या आपल्याला भेटल्याच नाहीत.

या घराण्यांना बांधणाऱ्या आवर्तनाचं नाव सॅरोस. १८ वर्षं, ११ दिवस आणि आठ तास. अडीच हजार वर्षांपूर्वी दुर्बीण नव्हती, गुरुत्वाकर्षणाचा नियम नव्हता, पृथ्वी फिरते हेही मान्य नव्हतं. तरीही पुढचं चंद्रग्रहण कधी लागेल हे माणसाला सांगता येऊ लागलं ते या आवर्तनामुळे.

ग्रहण दर पौर्णिमेला का लागत नाही, हे आधी पाहायला हवं. चंद्राची वाट सूर्याच्या भासमान वाटेला सुमारे पाच अंशांनी तिरकी आहे. या दोन वाटा जिथं एकमेकींना छेदतात ते दोन बिंदू म्हणजे आपले राहू आणि केतू. पौर्णिमेचा चंद्र या बिंदूंच्या जवळ असेल तरच सावलीत सापडतो, नाहीतर वरून किंवा खालून निसटतो.

म्हणजे ग्रहण पुन्हा जसंच्या तसं लागायला तीन चाकं एकाच वेळी मूळ जागी यायला हवीत. पहिलं पौर्णिमेचं: पौर्णिमा ते पौर्णिमा २९.५३०६ दिवस. दुसरं राहूचं: राहूपासून निघालेला चंद्र पुन्हा राहूपाशी येतो २७.२१२२ दिवसांनी. तिसरं अंतराचं: चंद्र पृथ्वीच्या सर्वात जवळ येतो तिथून पुन्हा सर्वात जवळ, २७.५५४६ दिवस. आता गुणाकार करून पाहा. पहिल्याच्या २२३ फेऱ्या म्हणजे ६५८५.३२ दिवस. दुसऱ्याच्या २४२ फेऱ्या म्हणजे ६५८५.३६ दिवस. तिसऱ्याच्या २३९ फेऱ्या म्हणजे ६५८५.५४ दिवस. एकमेकांशी काही नातं नसलेली तीन चाकं अठरा वर्षांनी जवळजवळ एकाच क्षणी भेटतात. हे का व्हावं याला कारण नाही. ते तसं आहे, आणि ते कुणीतरी हेरलं.

हेरलं बाबिलोनच्या लेखनिकांनी. त्यांना ग्रहणाची गरज होती ती भीतीपोटी. चंद्रग्रहण म्हणजे राजाच्या जिवावरचं संकट अशी मेसोपोटेमियात समजूत होती. असीरियाच्या दरबारात तर अशा वेळी खरा राजा बाजूला होई आणि काही दिवस तोतया राजा सिंहासनावर बसवला जाई. संकट केव्हा येणार हे आधी कळणं म्हणूनच राज्यकारभाराचा भाग होता. इसवी सनापूर्वी ७४७मध्ये नबोनस्सर बाबिलोनच्या गादीवर आला, तेव्हापासूनच्या ग्रहणांच्या नोंदी पुढच्या विद्वानांच्या हाती होत्या. खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आपल्या गणितासाठी बाबिलोनचं इसवी सनापूर्वी ७२१च्या मार्च महिन्यातलं ग्रहण घेतलं. म्हणजे जवळपास साडेआठशे वर्षांपूर्वीची नोंद!

या नोंदी ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने कोरलेल्या आहेत. त्यातल्या अनेक आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मला त्यांचा प्रामाणिकपणा फार भावतो. आकाश ढगाळ असेल तर ढग होते असं लिहिलेलं आहे. पाहिलं नसेल तर पाहिलं नाही असं लिहिलेलं आहे. गणिताने यायला हवं होतं पण दिवसा असल्यामुळे दिसणं शक्य नव्हतं, अशा ग्रहणांनाही जागा दिलेली आहे. न दिसलेल्या ग्रहणाची ओळ रिकामी न सोडल्यामुळेच आवर्तन हाती लागलं. १९८९ आणि २००७च्या ओळी गाळल्या, तर १९७१ आणि २०२५ यांचं नातं कुणाला दिसणार?

त्यांची मांडणी किती नेटकी होती पाहा. सूर्य राहू किंवा केतूपाशी दर १७३.३ दिवसांनी येतो. सहा चांद्रमास म्हणजे १७७.२ दिवस. म्हणून ग्रहणाची शक्यता साधारण दर सहा महिन्यांनी येते. पण चार-चार दिवसांचा फरक साठत जातो आणि मग एकदा पाचच महिन्यांनी गाठ पडते. २२३ महिन्यांत अशा ३८ शक्यता बसतात: ३३ सहा-सहा महिन्यांच्या, ५ पाच-पाच महिन्यांच्या. लेखनिकांनी त्या आठ, सात, आठ, सात, आठ अशा पाच गटांत लावल्या. बेरीज करून पाहा, ३८ भरतात. अशा रकान्यांच्या पाट्यांवर नजर आडवी फिरवली की दर अठरा वर्षांनी येणारी भावंडं एका रांगेत दिसतात.

ते या आवर्तनाला नुसतं ‘१८ वर्षं’ म्हणत. ‘सॅरोस’ हे नाव चिकटवलं एडमंड हॅलीने १६९१मध्ये, एका जुन्या ग्रीक कोशातला उतारा चुकीचा लावून. मूळ शब्दाचा अर्थ ३६०० असा होता. ज्याचं नाव धूमकेतूला आहे त्याची ही चूक तीनशे वर्षं टिकली, आणि आता टिकणारच.

बाबिलोनचं हे ज्ञान ग्रीकांकडे गेलं आणि तिथं त्याला पितळेसारखी झळाळी असलेल्या काशाचं शरीर मिळालं. १९०१मध्ये अँटिकिथेरा या ग्रीक बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांनी पुतळ्यांबरोबर एक गंजलेला गोळा वर आणला. १९०२मध्ये त्यात दातेरी चाक असल्याचं लक्षात आलं. जहाज बुडालं ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. चपलांच्या खोक्याएवढ्या त्या यंत्राचे ८२ तुकडे आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. विज्ञानाचे इतिहासकार डेरेक डी सोला प्राइस यांनी आयुष्याची कित्येक वर्षं त्यावर घालवली. २००५मध्ये सुमारे आठ टन वजनाचं क्ष-किरण यंत्र संग्रहालयात नेऊन तुकड्यांच्या आतलं पाहिलं गेलं, तेव्हा एका चाकाचे दाते २२३ असल्याचं ठरलं.

इथं क्षणभर त्या कारागिराच्या बाकावर बसू. २२३ ही मूळ संख्या आहे, तिला कशानेच भाग जात नाही. त्यामुळे दोन छोटी चाकं जोडून काम भागवता येत नाही. २२३ दात्यांचंच चाक करावं लागतं. वर्तुळाचे २२३ सारखे भाग पाडायचे आणि एकेक त्रिकोणी दाता कानशीने घासून काढायचा, हाताने.

यंत्राच्या मागच्या अंगाला चार वेढ्यांची चक्राकार तबकडी आहे. तिच्यात २२३ घरं, एका महिन्याला एक. बहुतेक घरं रिकामी. जिथं ग्रहणाची शक्यता तिथं बारीक अक्षरं: चंद्रग्रहणाला सिग्मा, म्हणजे सेलीनी, चंद्र, सूर्यग्रहणाला ईटा, म्हणजे हीलिओस, सूर्य. सोबत ग्रहणाचा तास.

पण मला खरी भुरळ घालते ती तिच्या पोटातली छोटी तबकडी. सॅरोसमध्ये ६५८५ दिवस पूर्ण होतात आणि वर दिवसाचा साधारण तिसरा हिस्सा उरतो. हे आठ तास फार अडचणीचे. तेवढ्यात पृथ्वी आणखी एक तृतीयांश फिरते, म्हणून पुढच्या पिढीचं ग्रहण जगाच्या दुसऱ्याच भागात दिसतं. तीन सॅरोस झाले की आठ त्रिक चोवीस तास भरतात आणि ग्रहण साधारण आपल्या मुलखात परततं. ग्रीकांनी या ५४ वर्षांच्या फेरीला ‘एक्झेलिग्मोस’ म्हटलं. छोट्या तबकडीचे तीन भाग आहेत: एक कोरा, दुसऱ्यावर ८, तिसऱ्यावर १६. मोठ्या तबकडीवर जो तास लिहिला आहे त्यात एवढे तास मिळवा, एवढाच तिचा निरोप. आवर्तनात न बसणारी बाकी त्यांनी झाकली नाही, तिच्यासाठी वेगळा काटा बसवला.

हीच वृत्ती आपल्या कोकणात, अगदी वेगळ्या परंपरेत दिसते. मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२०मध्ये ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. पंचांगकर्त्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला. ग्रहणाचं गणितही त्यावरून करत. दिवसांचे अजस्र आकडे टाळावेत म्हणून गणेश दैवज्ञांनी ११ वर्षांचं ‘चक्र’ घेतलं, ४०१६ दिवसांचं. एवढ्या दिवसांत सूर्याच्या ११ फेऱ्या पूर्ण होत नाहीत, १ अंश ४९ कला ११ विकला कमी पडतात. तो तुटीचा आकडा त्यांनी ‘ध्रुवक’ म्हणून नोंदवला. चंद्राला, राहूला, प्रत्येक ग्रहाला असा ध्रुवक आहे. जितकी चक्रं उलटली तितक्या पटीने तो वजा करायचा. हे ग्रहण-आवर्तन नव्हे, पण आवर्तनाचा हिशेब कसा ठेवावा याची शिकवण तीच: चक्र सोयीचं घ्या, बाकी मात्र सोडू नका.

कारण बाकी सोडली की ती साठते. पौर्णिमेच्या आणि राहूच्या चाकांत दर सॅरोसला सुमारे ५२ मिनिटांचा फरक पडतो. त्यामुळे दर पिढीला पौर्णिमेचा चंद्र राहू-केतूच्या बिंदूच्या तुलनेत जवळपास अर्ध्या अंशाने सरकतो. क्रमांक १२८चं घराणं १३०४मध्ये सावलीच्या कडेच्या नुसत्या स्पर्शाने सुरू झालं. विसाव्या शतकाच्या मध्यावर ते सावलीच्या मधोमध होतं. १९७१ची १०० मिनिटं २०२५मध्ये ८२ झाली ती याच उताराने. २०९७मध्ये त्याचं शेवटचं खग्रास ग्रहण लागेल आणि २५६६मध्ये ७१वं ग्रहण होऊन हे घराणं संपेल.

आजची ग्रहणं सॅरोसवरून काढत नाहीत. चंद्र-सूर्याच्या स्थानांचं थेट गणित करून फ्रेड एस्पेनॅक आणि झाँ मेउस यांनी पाच हजार वर्षांतली १२,०६४ चंद्रग्रहणं सूचीबद्ध केली. तरी त्या सूचीत प्रत्येक ग्रहणापुढे सॅरोसचा क्रमांक आहे. गणित नवं झालं, ग्रहणांची कुळं अजून त्याच आवर्तनाने ओळखली जातात.

२०४३च्या सप्टेंबरात १२८ची पुढची पिढी येईल तेव्हा आपल्याकडे सकाळ होत असेल. २०६१ची दुपारी येईल. मग तिसरी, १० ऑक्टोबर २०७९, रात्री अकराच्या सुमारास. नारळी पौर्णिमेपासून निघालेलं हे ग्रहण एकेक महिना सरकत भाद्रपदात आलं, आणि त्या रात्री आश्विनात पोचलेलं असेल: कोजागरीची पौर्णिमा. २०२५मध्ये गच्चीवर आईच्या कडेवर बसून ज्यांनी लाल चंद्र पाहिला, ती मुलं तेव्हा आजी-आजोबा असतील. त्यांच्यासाठी घरातल्या एखाद्या वहीत तारीख आणि वेळ आजच लिहून ठेवावी. खाली १९७१ आणि २०२५ लिहावं, मधल्या न दिसलेल्या दोन ओळींसकट. आणि २०२५च्या रात्री आपल्याकडे ढग असतील, तर तेही लिहावं.