छापलेल्या अवयवाला रक्त कुठून मिळणार?

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकिगत छापली. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत सापडला आणि नाक गमावून बसला. विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने मेणाचं नाक बनवलं, ते कपाळावर सपाट करून आखणी केली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. भुवयांच्या मधली चिंचोळी पट्टी मात्र त्याने शाबूत ठेवली. नव्या नाकाला रक्त तिच्यातूनच मिळत होतं. सुमारे पंचविसाव्या दिवशी, जोड धरल्यावर, त्याने ती कापली.

कान-नाक-घशाच्या जैवमुद्रणातल्या, म्हणजे जिवंत पेशींसह अवयव छापण्यातल्या, बहुतेक अडचणी या पट्टीपाशीच, म्हणजे रक्तपुरवठ्यापाशीच, येऊन थांबतात.

संशोधक आधी कानाकडे वळले, तेही याच कारणाने. बाहेरचा कान कूर्चेचा असतो आणि कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात; आजूबाजूच्या ऊतींतून झिरपेल त्यावर ती जगते. १९९७ साली पाठीवर ‘कान’ असलेल्या उंदराचा फोटो जगभर गाजला. तो कान माणसाचा नव्हताच. विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या साच्यावर गुरांच्या कूर्चापेशी वाढवून तो उंदराच्या कातडीखाली बसवला होता. जनुकांना कुणी हातही लावला नव्हता, तरी त्यावरून जनुकबदलाविरुद्ध रान उठलं! २०१८ साली चीनमधल्या डॉक्टरांनी जन्मतः एक कान खुरटलेल्या पाच मुलांवरचे उपचार प्रसिद्ध केले. चांगल्या कानाचं स्कॅन उलटवून त्रिमितीय छपाईच्या मदतीने साचा घडवला आणि मुलांच्याच खुरटलेल्या कानातल्या पेशी त्यावर वाढवल्या. सर्वांत जुन्या कानावर तेव्हा अडीच वर्षं लक्ष ठेवून झालं होतं. मुलाला तो जन्मभर वापरायचा आहे, हे लक्षात घेता अडीच वर्षं थोडीच.

श्वासनलिकेची गोष्ट निराळी. ती लवचिक हवी, पण श्वास घेताना मिटता कामा नये. आत कफ वर ढकलणारं केसाळ अस्तर हवं. हवेबरोबर जंतू येतच राहतात, आणि तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या इतक्या बारीक की शल्यविशारदाला जोडायला एक ठसठशीत धमनी सापडत नाही. २०११ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात पाओलो माक्कियारिनी यांनी प्लास्टिकच्या नळीवर रुग्णाच्या मूलपेशी पेरून ती बसवली. वाहवा झाली. पण निर्जीव नळीवर पेशी शिंपडल्याने तिच्यात रक्त खेळू लागत नाही. स्वीडनमध्ये अशी नळी बसवलेले तिन्ही रुग्ण दगावले. रुग्णालयातल्याच चार डॉक्टरांनी तक्रार केली, तर आधी त्यांनाच दटावलं गेलं. अखेर २०२३ साली अपील न्यायालयाने माक्कियारिनींना अडीच वर्षांची कैद सुनावली.

त्याच सुमारास, २०१२ मध्ये, मिशिगन विद्यापीठात ग्लेन ग्रीन आणि स्कॉट हॉलिस्टर यांच्यापुढे एक तान्हं बाळ होतं. त्याची श्वासवाहिनी सारखी मिटत होती. त्यांनी वाहिनी बदलली नाही. पॉलिकॅप्रोलॅक्टोन या विरघळणाऱ्या प्लास्टिकचं, एका बाजूने उघडं कवच छापून ते वाहिनीभोवती बसवलं आणि वाहिनीची भिंत त्याला आतून टाके घालून ताणून धरली. उघडी बाजू बाळाबरोबर वाढायला जागा देते आणि कवच साधारण तीन वर्षांत विरघळतं. आतली वाहिनी बाळाची स्वतःची, रक्तपुरवठाही तिचा तिचाच. तीन आठवड्यांत बाळाचा व्हेंटिलेटर सुटला.

या क्षेत्राची आजवरची सर्वांत भरवशाची कमाई मी या कवचालाच म्हणेन. त्यात छापलेली जिवंत पेशी एकही नाही.