शेजारच्या आसनावरचा अबोला

परक्या माणसाजवळ मन मोकळे करणे का सोपे जाते, याचे एक उत्तर जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०८ मध्येच दिले होते. ज्याचे आपल्या घरादारात, नात्यागोत्यांत वा हितसंबंधांत काही गुंतलेले नसते, त्याच्या कानावर जिवलगांपासूनही लपवलेली गोष्ट सहज घातली जाते, असे त्यांचे निरीक्षण होते. तरीही गाडीत खांद्याला खांदा लावून बसलेली माणसे मुकाट्याने प्रवास करतात, आणि हे कोडे निकोलस एप्ली व जुलियाना श्रोडर या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून बरेचसे उलगडले आहे.

शिकागोच्या दक्षिणेकडील होमवुड स्थानकावरून मेट्रा या उपनगरी रेल्वेने शहरात कामाला जाणाऱ्या प्रवाशांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एका गटाने शेजाऱ्याशी बोलायचे, त्याच्याविषयी काही जाणून घ्यायचे आणि स्वतःविषयीही काही सांगायचे होते. दुसऱ्याने कोणाशीही न बोलता आपल्यातच रमायचे, तर तिसऱ्याने नेहमीसारखा प्रवास करायचा होता. अशा प्रवासाची केवळ कल्पना करायला सांगितलेल्या इतर प्रवाशांना बोलण्याचा प्रवास सर्वांत कमी सुखाचा ठरेल असे वाटले; प्रत्यक्षात मात्र तोच सर्वांत सुखाचा ठरला.

या विपरीत अंदाजाचे मूळ तुसडेपणात नाही, हीच या अभ्यासातील सर्वांत मोलाची बाब मानावी लागेल. स्वतः बोलायला तयार असलेला माणूसही ‘समोरच्याला ते नको असेल’ असे धरून चालतो, समोरचाही नेमके तसेच समजतो, आणि दोघांच्या गप्प राहण्यातून दोघांचाही समज पक्का होतो. सामाजिक मानसशास्त्रात यालाच सामूहिक गैरसमज म्हणतात. एप्ली यांनी सहकाऱ्यांसह पुढे केलेल्या प्रयोगांत अनोळखी जोड्यांना ‘तुम्ही दुसऱ्यासमोर रडलात तो प्रसंग सांगा’ यांसारखे थेट अंतरंगाला हात घालणारे प्रश्न दिले गेले, आणि तेथेही संकोच अपेक्षेपेक्षा कमी, तर जवळीक अधिक आढळली.

अर्थात समोरच्याचा नकार, थकवा किंवा एकट्या स्त्रीची सावधगिरी यांचा मान राखूनच असा संवाद व्हावा, याबद्दल दुमत नसावे. मात्र नकाराची धास्ती वास्तवाहून किती मोठी असते, हे होमवुडच्याच प्रवाशांनी दाखवून दिले : निम्म्याहून कमी सहप्रवासी बोलायला राजी होतील असा त्यांचा अंदाज होता, आणि ज्यांनी खरोखर बोलायला सुरुवात केली त्यांपैकी एकानेही झिडकारले गेल्याचे नोंदवले नाही.